आज्ञा की विनंती?

घरातल्या एखाद्या खणात बटणांचा जुना मोबाइल पडून असेल, तर तो जरा बाहेर काढून पाहा. २००० नंतरच्या दशकात अशा फोनांवर जावा भाषेत लिहिलेले लहान लहान खेळ, शब्दकोश, गणकयंत्रे चालत. या छोट्या आज्ञावलींना 'मिडलेट' म्हणत. मिडलेट लिहायला शिकणारे पुष्कळ जण लवकरच एका प्रश्नापाशी येऊन अडत. माझ्या आज्ञावलीतून फोनमधली दुसरी आज्ञावली सुरू कशी करायची? खेळ संपला की कॅमेरा उघडावा, गाणे लागावे, असे त्यांना वाटे. फोन मात्र ते करू देत नसे. "एवढे साधे कामही येत नाही, कसली ही जावा!" अशी तक्रार मग ऐकू येई. ही तक्रार कितपत रास्त होती, ते आपण पाहू. माझ्या मते ती अर्धीच रास्त होती.

टेबलावरच्या संगणकात जावाला हे काम सहज जमते. तेथे 'रनटाइम' नावाच्या वर्गात 'एक्झेक' ही सोय आहे. तिला दुसऱ्या आज्ञावलीचे नाव सांगितले की ती आज्ञावली सुरू होते. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या पुढाकाराने मोबाइलसाठी जी आटोपशीर जावा तयार झाली, तिच्यातही रनटाइम वर्ग होता. पण एक्झेक वगळलेले होते. याचे एक कारण गरिबीचे. २००० साली ठरलेल्या एमआयडीपी या पहिल्या प्रमाणात जावाच्या चालू कामासाठी किमान ३२ किलोबाइट स्मृती पुरेशी धरली होती. आजच्या फोनमधले एक साधे छायाचित्रही याहून कितीतरी मोठे असते. इतक्या जागेत दोन आज्ञावली शेजारी शेजारी नांदणार कशा?

दुसरे कारण सावधगिरीचे होते, आणि तक्रार करणाऱ्यांच्या नजरेतून निसटते ते नेमके हेच. मिडलेट कोठूनही उतरवून घेता येत असे. तो कोणी लिहिला हे फोनला ठाऊक नसे. अशा अनोळखी पाहुण्याच्या हाती घरातल्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या कोणी देते का?

२००२ साली एमआयडीपीची दुसरी आवृत्ती आली आणि तिने एक मार्ग उघडला. त्याचे नाव 'प्लॅटफॉर्मरिक्वेस्ट'. 'रिक्वेस्ट' म्हणजे विनंती. या नावातच सगळे मर्म आहे. मिडलेटने दुसऱ्या आज्ञावलीचे नाव घ्यायचे नाही. फक्त एक पत्ता लिहून फोनच्या हवाली करायचा. पत्ता 'टेल' या अक्षरांनी सुरू होत असेल, तर फोन ती दूरध्वनी करण्याची विनंती समजे. 'एचटीटीपी'ने सुरू होत असेल, तर इंटरनेटवरचे पान उघडणारी आज्ञावली पुढे येई. पत्ता कोणाकडे सोपवायचा, हे फोन ठरवी. हा पत्ता आपल्याला पेलणारा नाही असे दिसले, तर तो सरळ नकार कळवी. नकार नसेल, तर उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे येई. पण त्याचा अर्थ भलताच! 'हो' म्हणजे 'काम झाले' नव्हे, तर 'तू आधी बंद हो, मग मी तुझे काम पाहीन'. ज्या फोनांत दोघांना पुरेल एवढी जागा नसे, त्यांच्यासाठी ही तरतूद होती. शिवाय अशा फोनवर मिडलेटने एकापाठोपाठ तीन विनंत्या केल्या, तर फक्त शेवटची लक्षात ठेवली जाई.

तुम्ही प्रयोगशाळेत रिले पाहिला असेल. वेटोळ्यातून थोडासा प्रवाह सोडला की लोहचुंबकाने पट्टी ओढली जाते आणि पलीकडचे मोठे मंडल जोडले जाते. वेटोळे आणि पलीकडचे मंडल यांच्यात तारेचा संबंध नसतो. म्हणूनच पलीकडे २३० व्होल्ट असले तरी अलीकडे काम करणारा सुरक्षित राहतो. प्लॅटफॉर्मरिक्वेस्ट हा असाच एक रिले होय. फरक एवढाच, की रिलेला विचार करता येत नाही आणि फोनला मालकाची संमती विचारता येते.

पण संमती विचारली म्हणजे सारे सुरक्षित झाले, असेही समजू नका. २००६ मध्ये 'रेडब्राउजर' नावाचा एक लबाड मिडलेट सापडला. फुकट इंटरनेट देण्याची बतावणी करून तो महागड्या क्रमांकावर लघुसंदेश पाठवी. संदेश पाठवू का, असे फोन विचारी. माणसे न वाचता 'हो' दाबत. तेथे रिले ठीक होता, बटण दाबणारा बेसावध होता. याच्या उलट प्रकार २०१२ मध्ये उजेडात आला. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात काम करणारे संशोधक रवी बोरगावकर यांनी दाखवून दिले, की पानात दडवलेला एक 'टेल' पत्ता काही सॅमसंग फोनांतील सर्व माहिती पुसून टाकू शकतो. तो पत्ता म्हणजे एक सांकेतिक क्रमांक होता आणि क्रमांक लावणारी आज्ञावली हिरव्या बटणाची वाट न पाहता तो थेट अमलात आणी. विनंती रीतसर होती. ती घेणाऱ्याने मात्र तिला आज्ञा मानले.

आज अँड्रॉइडवर हीच कल्पना 'इंटेंट' या नावाने नांदते आहे. भाजीवाल्याकडचा यूपीआयचा चौकोन तुम्ही रोज पाहता. त्यातही एक पत्ताच असतो. दुकानाची आज्ञावली असा पत्ता फोनच्या हवाली करते, पैसे देणारी आज्ञावली पुढे येते आणि गुप्त आकडा तुम्ही तेथेच टाइप करता. दुकानाच्या आज्ञावलीला तो दिसतही नाही. दुकानात थेट एक्झेकसारखी सत्ता असती, तर तुम्ही तेथे पैसे दिले असते का? म्हणून मोबाइलवरचा तो निर्बंध मला मागासलेपणाचा वाटत नाही. स्मृती वाढली, गरिबी सरली, तरी निर्बंध राहिला, यावरूनच त्याचे खरे कारण कळते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. संगणकाच्या तासाला आपण आज्ञावली म्हणजे आज्ञांची यादी असे शिकवतो. संगणक निमूटपणे ऐकतो, असा समज मुलांच्या मनात बसतो. नकार आला तर पुढे काय, हे लिहायला मुलांना क्वचितच सांगितले जाते. इंटेंटपासूनच सुरुवात करा. अँड्रॉइडमध्ये दूरध्वनीसाठी दोन वेगळ्या विनंत्या आहेत. 'डायल' या विनंतीने क्रमांक फक्त पडद्यावर येतो आणि बटण माणसाने दाबायचे असते. 'कॉल' या विनंतीने दूरध्वनी लगेच लागतो, पण त्यासाठी मालकाची वेगळी परवानगी लागते. मुलांना दोन्ही लिहू द्या, परवानगी मुद्दाम नाकारायला सांगा आणि त्यांच्या आज्ञावलीचे काय होते ते वर्गात सर्वांनी मिळून पाहा.