ओव्हनमधले रोडगे आणि ओला फडका

मैत्रिणींनो, थंडी पडली की आपल्या यवतमाळकडे रोडगे आणि वांग्याची भाजी व्हायलाच हवी! गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेल्या रोडग्यांची चव वेगळीच. पण शहरातल्या घरात गोवऱ्या पेटवायच्या कुठे? तेव्हा ओव्हन लावायला काहीच हरकत नाही. मात्र निखारा लाल दिसतो, म्हणून आपण बिचकून असतो. ओव्हनचा ट्रे २०० अंशांना तापला तरी थंड असल्यासारखाच दिसतो, आणि पाहुण्यांची पानं मांडलेली असली की घाईत हात पोळतो.

म्हणून दार उघडण्याआधीच ओट्यावर जागा मोकळी करून लाकडी पाट ठेवा. गरम ट्रे हातात आल्यावर जागा शोधत फिरू नये.

ट्रे धरायला जाड, सुती आणि अगदी कोरडा फडका घ्या. ओला फडका बरा असे पुष्कळजणींना वाटते. पण कोरड्या कापडात हवा अडकलेली असते, म्हणून ते हाताला जपते. पाण्यातून उष्णता हवेपेक्षा वीसपटींहून अधिक वेगाने जाते. शिवाय त्या पाण्याची वाफ होऊन हाताला बसते ती वेगळीच. आणि पदराने तर ट्रे कधीच धरू नका. पदर कमरेला खोचा, नायलॉनची साडी त्या दिवशी नकोच.

दार उघडताना बाजूला उभ्या राहा, पहिली वाफ जाऊ द्या, मग वाका. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंबही पडू देऊ नका, काच तडकते. ओव्हनला १६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग हवा. आत काही पेटलेच तर दार बंदच ठेवा आणि बटण बंद करा. हवा मिळाली नाही की आग विझते. पाणी मुळीच ओतू नका.

एवढे करूनही हात भाजला तर? बांगड्या, अंगठी लगेच काढा, कारण मागाहून सूज येते. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे गार पाणी वाहू द्या. आपल्याकडे नळ रोज येतोच असे नाही. मग बादलीतले पाणी तांब्याने ओतत राहा. उन्हाळ्यात टाकीचे पाणी तापलेले असते, तेव्हा माठातले घ्या. बर्फ, हळद, तूप, टूथपेस्ट यांतले काहीही लावू नका, फोड फोडू नका. स्वच्छ कापड सैल झाका. फोड आले, तळहाताएवढी जागा भाजली, चेहरा पोळला किंवा मूल भाजले, तर दवाखान्यात जायला उशीर नको. १०८ वर फोन केला की रुग्णवाहिका येते.

रोडगे पाच मिनिटे उशिरा वाढले तर कुणी उपाशी राहत नाही, बरं का!