मागच्या रांगेतला सूर

पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतले गणपती पार परदेशापर्यंत जातात. पण त्यांच्यापुढचं गाणं ऐकायचं असेल, तर भाद्रपदातल्या संध्याकाळी पेण-रोह्याच्या एखाद्या वाडीतच यायला हवं. एका घरची आरती उरकून सगळी वाडी पुढच्या घरात शिरते. ओटीवर मावत नाहीत ते अंगणात उभे राहतात. एक ढोलकी, चार-दोन झांजा आणि पन्नासेक गळे, त्यातले सुरात असलेले मोजकेच.

‘सुखकर्ता दुःखहर्ता’ शिस्तीत पार पडते. खरी गंमत येते ती विठ्ठलाच्या आरतीत. तिथे एक स्वर लांबवायचा असतो आणि तो कोण किती ताणतो याची न बोलता चुरस लागते. पोरांचे चेहरे लाल होतात, काका डोळे गच्च मिटतात, एकेकाचा दम संपत जातो. स्वर मात्र तुटत नाही. ज्याचा श्वास सुटला तो गुपचूप हवा भरून घेतो, तोवर शेजारच्यानं सूर धरून ठेवलेला असतो. पाश्चात्त्य वृंदगायनात ही गोष्ट मुद्दाम शिकवतात, की सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. आमच्या वाडीत ती कुणी कुणाला शिकवल्याचं ऐकिवात नाही. शेवटी येतं ‘घालीन लोटांगण’. त्यात नामदेवांच्या कडव्याला भागवतातला श्लोक जोडलेला आहे; म्हणजे ही रचनाच मुळी कुणा एकट्याची नाही.

एकट्यानं गायचं तर गळा लागतो, समूहात नुसती हजेरी पुरते, असं आमचं मत आहे. बेसूर माणसालाही तिथे काम असतं. गाण्याच्या स्पर्धांच्या या दिवसांत हे सांगायला हवं, कारण परीक्षकांच्या धाकानं कितीतरी चांगली माणसं न्हाणीघराबाहेर गायचीच बंद झाली आहेत.

रोह्याकडच्या वाड्यांत बाल्या नाचाला गाणारे-वाजवणारे मधे बसतात आणि नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात. पेणच्या आगरी घरांत लग्नाचं गाणं बायकांचं. धवलारीण धवला म्हणते, बाकीच्या तिच्यामागून ओळ उचलतात आणि लग्नाचे विधी त्या गाण्यावर पुढे सरकतात. आता हळदीला डीजे आला आहे. त्याच्या आवाजाबद्दल लोक बोलतात ते बोलोत. आमची तक्रार वेगळी आहे. डीजेपुढे नाचता येतं, पण गाता येत नाही. आरतीसुद्धा मोबाइलवर लावून हात जोडून ऐकणारी घरं वाढताहेत. गाणारी माणसं अशी बघता बघता श्रोते होतात.

युरोपात एस्टोनिया नावाचा चिमुकला देश आहे. त्याची लोकसंख्या आपल्या रायगड जिल्ह्याच्या जेमतेम निम्मी. तिथे १८६९पासून गीतमहोत्सव भरतो आणि हजारो माणसं एकाच मंचावर उभी राहून गातात. १९८८मध्ये ही माणसं सोव्हिएत सत्तेविरुद्ध मैदानात जमून गायली आणि १९९१मध्ये देश स्वतंत्र झाला. गाण्यामुळेच झाला असं कुणी म्हणणार नाही, पण तिथले लोक त्या लढ्याला ‘गाती क्रांती’ म्हणतात. आपल्याकडेही वसंत देसाईंसारख्या नामवंत संगीतकारानं शाळकरी मुलांकडून समूहगीतं बसवून घेण्यात कमीपणा मानला नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा गावोगावच्या देवळांत काकडा चालू असेल. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तो चालतो. अभ्यंगस्नानासाठी पहाटे उठणारच आहात, तर एक दिवस देवळाकडे वळा. मागे उभे राहा. पाठ नसेल तर शेवटचा शब्द तेवढा धरा. टाळ कुणीतरी हातात देईलच. अंक दुपारी फराळाबरोबर वाचला तरी चालेल. आमचे लेखक रागावणार नाहीत, त्यातले दोघे-तिघे तुम्हाला तिथेच भेटतील.