दांडा आडवा, नाव बुरख्याचं

नाशिकला सायकलींचं शहर म्हणून मिरवायची हौस आहे, आणि ती खोटी नाही. 2015 मध्ये इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली. पंढरपूरची सायकलवारीही निघते. पण भद्रकाली, चौक मंडईकडे आमच्या मुली सायकलवर कमी का दिसतात, असं विचारलं की उत्तर तयार असतं: बुरखा!

अहो, आधी सायकलीच्या दुकानात जाऊन बघा. रांगेत उभ्या असतात त्या बहुतेक आडव्या दांड्याच्या, जाड टायरच्या. ना धड चेनकव्हर, ना मागच्या चाकाला जाळी. पाच फुटी मुलीला दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहायचं, तर दांडा साधारण 70 सेंटिमीटरच्या आतच हवा, वर दोन बोटं मोकळी जागा. दुकानदार काय करतो? सीट खाली करून देतो. दांडा तिथेच! वर गुडघे दुखतात ते वेगळंच. गर्दीत ब्रेक दाबला की माणूस सीटवरून पुढे उतरतो. पाय जमिनीला लागण्याआधी दांडा लागतो. बुरखाच कशाला, साडीला आणि आमच्या चाचांच्या लुंगीलाही हीच अडचण.

तोडगा शंभर वर्षांहून जुना आहे. 1885 च्या रोव्हर सायकलीनंतर थोड्याच वर्षांत विलायतेत झगेवाल्या बायकांसाठी दांडा खाली वाकवलेली सायकल निघाली. आपण तिला ‘लेडीज’ म्हणून बाजूला सारलं. गुडघे धरलेला म्हातारा टांग मारताना पडेल, पण ती घेणार नाही.

मोहल्ल्यातले वडीलधारेही यातून सुटत नाहीत. “पोरीनं टांग टाकणं शोभत नाही,” म्हणतात. मग टांग टाकावीच लागणार नाही अशी सायकल का घेऊन देत नाही? भावाची जुनी तिच्या माथी मारायची, आणि चालवता आली नाही की ‘तिला जमत नाही’.

तमिळनाडूत पुदुकोट्टईला 1991 च्या साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या, त्यात मुस्लिम बायकाही होत्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी जेंट्स घेतल्या. पी. साईनाथ यांनी लिहिलंय की काहींना तीच बरी वाटली, दांड्यावर मूल बसवता येतं म्हणून. मग दांड्याचं रडगाणं कशाला? कारण तिथे शिकवायला कुणीतरी उभं होतं.

आपल्या उर्दू शाळांच्या आवारात दर रविवारी चार खाली दांड्याच्या, चेनकव्हरवाल्या सायकली ठेवा. सीट बसवून द्यायला एक मेस्त्री, शिकवायला दोन बायका. बुरख्यावरची चर्चा त्यानंतर करू.