खात्याला मुभा नाही

मार्चअखेरीला नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीच्या संगणकानं हिशेबाचा बॅकअप घ्यायलाच नकार दिला. ‘ॲक्सेस डिनाइड’, त्रुटी क्रमांक 5. “मी ॲडमिन, मला कोण अडवणार?” चिटणीस काका तापले. अडवलं त्यांना नव्हतंच. सॉफ्टवेअरच्या पोटात एसक्यूएल सर्व्हर असला, की बॅकअपची फाइल आपण लिहीत नाही. पडद्यामागे चालणारी सर्व्हिस ती स्वतःच्या खात्यातून लिहिते, आणि त्या खात्याला काकांच्या डेस्कटॉपवर पाऊल टाकायची मुभा नसते. डी ड्राइव्हवर फोल्डर केलं, सर्व्हिसच्या खात्याला परवानगी दिली, बॅकअप निघाला. आता तो पेनड्राइव्हवर जाईना! जागा भरपूर, पण फॉरमॅट फॅट 32. त्यात 4 जीबीची एक फाइल मावत नाही. (काकांनी वर्षानुवर्षांच्या पावत्या स्कॅन करून डेटाबेसातच कोंबलेल्या.) एक्सफॅट केल्यावर गेली. दुसऱ्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून ताळेबंद जुळवला, तेव्हा कुठे चहा. पेनड्राइव्ह मात्र काकांनी संगणकाच्याच टेबलाच्या खालच्या खणात टाकला. ऑफिस तळमजल्यावर, आणि गाढी नदीचा पूर पाहिलेली माणसं सोसायटीत अजून आहेत. सध्या तो तिसऱ्या मजल्यावर, आमच्या देवघराच्या खणात, कापराच्या डबीशेजारी असतो.