ओडीची लिमिट वापरली नाही, म्हणून बँक ती कापते तेव्हा

बँकेच्या ॲपवर ‘उपलब्ध शिल्लक’ म्हणून दिसणारा आकडा सगळाच आपला असतो असं नाही. ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ओडी असलेल्या खात्यात तुमचे १५ हजार असतील आणि ५० हजारांची लिमिट मंजूर असेल, तर अनेक ॲप सरळ ६५ हजार दाखवतात. त्यातले ५० हजार बँकेचे. उचलले तरच व्याज, तेही जेवढे उचलले तेवढ्यावर आणि तेवढ्याच दिवसांचं. म्हणून बरेच जण ही लिमिट अडीअडचणीसाठी ठेवून देतात. आणि आढाव्याच्या वेळी बँकेची कात्री आधी चालते ती अशाच पडून असलेल्या लिमिटवर.

पैसे घेतलेच नाहीत, तर बँकेचं काय जातं? कर्ज दिलं की बँकेला त्यामागे स्वतःचं भांडवल राखावं लागतं, आणि मंजूर पण न उचललेली रक्कमही काही ठिकाणी अंशतः कर्ज धरली जाते. १५० कोटी किंवा त्याहून जास्त खेळतं भांडवल घेणाऱ्या कर्जदारांसाठी रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१९ पासून न वापरलेल्या ओडीचा २० टक्के भाग असा मोजायला लावला. बँक कधीही रद्द करू शकेल अशा छोट्या लिमिटवर आतापर्यंत हा भार साधारण शून्य होता. बासेल समितीच्या डिसेंबर २०१७ च्या नियमांत तिथेही १० टक्के आले. त्याच धर्तीवरचा मसुदा रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मांडला, अंमल १ एप्रिल २०२७ पासून सुचवलाय.

गणित करून बघू. २ लाखांची लिमिट पडून आहे. १० टक्के म्हणजे २० हजार. त्यावर पूर्ण जोखीम धरून ११.५ टक्के भांडवल, म्हणजे २,३०० रुपये. एका खात्याचे किरकोळ, पण अशी लाखभर खाती असली की २३ कोटी होतात. शिवाय बँकेला दुसरी भीती असते: वर्षानुवर्षं हात न लावलेला माणूस नोकरी गेली की एकदम सगळी लिमिट उचलतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये काही बँकांनी क्रेडिट कार्डांच्या लिमिट कमी केल्या, त्यामागे हाच हिशोब होता.

इथपर्यंत मला बँकेचं म्हणणं समजतं. माझी हरकत ‘वापर’ मोजायच्या पद्धतीला आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीचा. तालुका कापूस-सोयाबीनचा, घरचं कृषी केंद्र. जूनमध्ये बियाणं, खतं उधारीवर जातात. सोयाबीन निघालं, कापसाचा पहिला वेचा झाला की पैसे परत येतात. ५ लाखांच्या ओडीतले ४ लाख जून ते ऑक्टोबर बाहेर असतात, उरलेले सात महिने खातं जवळपास कोरं. बारा महिन्यांची सरासरी काढा, वापर येतो ३३ टक्के. एका मार्चमध्ये आमची लिमिट ३ लाखांवर आणल्याचा मेसेज आला. कॉम्प्युटरच्या दृष्टीने बरोबर, आमच्या दृष्टीने पेरणीच्या तोंडावर २ लाखांचा खड्डा. जीएसटी रिटर्न आणि मागच्या दोन खरिपांची विक्री घेऊन शाखेत गेलो, तेव्हा कुठे साडेचार लाख झाले.

गंमत बघा, शेतकऱ्याच्या किसान क्रेडिट कार्डाची लिमिट पीक, क्षेत्र आणि त्या पिकाला ठरलेला कर्जदर यांवरून निघते. परतफेडही हंगाम बघून. म्हणजे बँकेला हंगाम कळतो. त्याच शेतकऱ्याला बियाणं विकणाऱ्या दुकानदारापाशी आलं की मात्र ती सरासरी काढून मोकळी होते.

पगारदार वाचकांना याचा फटका वेगळ्या बाजूने बसतो. कार्डाची लिमिट १ लाख, खर्च २० हजार, तर वापर २० टक्के. लिमिट ४० हजार झाली की तोच खर्च ५० टक्के दिसतो आणि क्रेडिट स्कोअर घसरू शकतो. १ जानेवारी २०२५ पासून बँका ही माहिती किमान दर पंधरवड्याला क्रेडिट ब्युरोंना देतात, त्यामुळे परिणामही लवकर दिसतो. कार्डाची लिमिट वाढवायला तुमची स्पष्ट संमती लागते. कमी करताना फक्त कळवलं की पुरतं. ओडीचं तर मंजुरीपत्रातच बहुधा लिहिलेलं असतं, की बँक मागेल तेव्हा परत.

लिमिट वाचवायला दर महिन्याला उगाच थोडे पैसे उचला, असा सल्ला मिळतो. मला तो पटत नाही. व्याज जातं आणि हजार-दोन हजारांनी सरासरी हलत नाही. त्यापेक्षा मंजुरीपत्रातली आढाव्याची तारीख शोधा आणि ती यायच्या महिनाभर आधी ‘आमचा वापर हंगामी आहे’ असं महिनावार आकड्यांसह ईमेलने कळवा. दुकान असेल तर काउंटरवरचा क्यूआर कोड कोणत्या खात्याला जोडलाय तेही बघा. पुष्कळ ठिकाणी तो मालकाच्या बचत खात्याला असतो. मग दिवसभराची विक्री तिकडे जमा होते आणि ओडीच्या खात्यात बँकेला धंदाच दिसत नाही. यूपीआयला ओडी खातंही जोडता येतं. तिथे जमा झालेला प्रत्येक रुपया उचललेली रक्कम, आणि व्याजही, त्याच दिवसापासून कमी करतो.