चालण्याची उपासना आणि पदपथाचा प्रश्न

आंबिवली : अंगारकी संकष्टीला टिटवाळ्याच्या महागणपतीकडे निघालेल्या भाविकांनी कसारा मार्गावरील लोकल भरून जातात. त्याच दिवशी कल्याण परिसरातील काही भाविक मात्र पायीच निघतात. शहाड आणि आंबिवली मागे पडले की टिटवाळा येतो. लोकलने काही मिनिटांत संपणारी ही वाट चालतच कापण्याचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर वारीच्या परंपरेत सापडते. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर वारकरी आजही पायीच कापतात. त्यांच्या लेखी चालणे हे देवापर्यंत पोहोचण्याचे केवळ साधन नसून तीच उपासना असते. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पडणारी पावली, मुखी नाम आणि दिंडीची शिस्त यांत शरीर व मन एका लयीत येतात. बौद्ध परंपरेत चंक्रमण, म्हणजे सावधपणे येरझाऱ्या घालणे, हा ध्यानाचाच एक प्रकार मानला गेला. व्हिएतनामी भिक्खू थिक न्हात हान्ह (१९२६-२०२२) यांनी श्वास आणि पाऊल यांची सांगड घालणारे हे ध्यान पाश्चात्त्य देशांत लोकप्रिय केले.

ध्यानासाठी शांतता हवी, असा सर्वसाधारण समज आहे. वारी तो खोटा ठरवते. तेथे गजर असतो, गर्दी असते, तरीही मन एकाग्र होते. कारण मागून येणाऱ्या वाहनाची धास्ती नसते. रथाच्या पुढे-मागे क्रमाने चालणाऱ्या दिंड्या वारकऱ्याला निर्धास्त करतात. हा निर्धास्तपणाच उपनगरातील पादचाऱ्याच्या वाट्याला येत नाही. फेरीवाले, उभ्या दुचाकी आणि उखडलेल्या लाद्या चुकवत जाणाऱ्याचे लक्ष श्वासाकडे कसे राहणार?

पंढरपूरच्या वाटेवर शासनाने ही गरज ओळखली आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पायाभरणी झालेल्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणात दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाटांची तरतूद करण्यात आली. शहरांसाठीही निकष आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर असावी. अडथळाविरहित पदपथ हा घटनेच्या कलम २१ नुसार नागरिकांचा हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले.

वारी वर्षातून एकदा निघते. स्थानक ते घर ही वाट मात्र चाकरमानी रोज चालतो. योगवर्गाचे शुल्क किंवा शिबिराची रजा न परवडणाऱ्याला दिवसभरात स्वतःसाठी मिळणारी कदाचित तेवढीच वेळ असते. त्यामुळे पदपथाचा प्रश्न केवळ वाहतुकीचा मानून चालणार नाही. आंबिवलीसारख्या उपनगरात तो सामान्य माणसाच्या मनःशांतीचाही प्रश्न आहे, याचे भान महापालिकेने ठेवायला हवे.