कातडे सोलणारा तिथे व्यापारी, मग इथे अस्पृश्य का?

आमच्या वस्त्यांमधली तरुण मुले रात्र-रात्र ऑनलाइन गेम खेळतात म्हणून चळवळीतले ज्येष्ठ कार्यकर्ते नाराज असतात. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. अभ्यासिका ओस आणि गेमिंग कॅफे भरलेले, हे चित्र आम्हालाही आवडत नाही. पण नुसते रागावून काही होत नाही. ज्या जागी आपला तरुण रोज तीन-चार तास घालवतो, ती जागा त्याला काम, मोबदला आणि गुणवत्ता यांबद्दल काहीतरी शिकवत असते. ती काय शिकवते हे तपासणे हेही चळवळीचेच काम आहे. म्हणून आज आम्ही एका गेमबद्दल लिहीत आहोत.

गेमचे नाव 'रेड डेड ऑनलाइन'. रॉकस्टार या कंपनीचा 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा गेम ऑक्टोबर २०१८ मध्ये आला आणि त्याचाच हा ऑनलाइन भाग. काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, जागा अमेरिकेचा पश्चिम आणि दक्षिण भाग. घोडे, बंदुका, रेल्वे, टोपीवाले काउबॉय. न केलेल्या खुनासाठी शिक्षा झालेला एक कैदी तुरुंगातून सुटतो, तोच तुमचे पात्र. त्याचा चेहरा, रंग, बाई की पुरुष, हे तुम्ही ठरवायचे. हे पात्र गेमभर तोंडातून शब्द काढत नाही. आणि मुख्य म्हणजे, त्याला आडनाव विचारणारे कोणी भेटत नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये या गेममध्ये कामधंद्यांची व्यवस्था आली. सुरुवातीला तीन कामे होती : फरारी गुन्हेगार पकडून आणणारा इनामी शिकारी, कातड्याचा आणि मांसाचा माल विकणारा व्यापारी, आणि जुन्या दुर्मीळ वस्तू शोधणारा संग्राहक. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दारू गाळण्याचा धंदा आला आणि २०२० मध्ये प्राण्यांचा अभ्यास करणारा निसर्ग-अभ्यासक. प्रत्येक कामाच्या वीस पायऱ्या. इनामी शिकाऱ्याला पुढे आणखी दहा वाढवून मिळाल्या. जितके काम कराल तितके वर चढाल, नवी हत्यारे, नवी गाडी, नवे कौशल्य मिळेल. एकच माणूस सकाळी गुन्हेगार पकडू शकतो, दुपारी कातडी विकू शकतो आणि रात्री दारू गाळू शकतो. एक काम घेतले म्हणून दुसऱ्याचे दार बंद होत नाही आणि कंटाळा आला तर काम सोडल्याची शिक्षाही नाही.

यातले व्यापाऱ्याचे काम आमच्या वाचकांनी नीट पाहावे. हा व्यापारी करतो काय? जंगलात जनावर मारतो, त्याचे कातडे सोलतो, मढे घोड्यावर टाकतो आणि आपल्या तळावर आणतो. तळावर क्रिप्स नावाचा एक म्हातारा असतो (१९४२ च्या मिशनवाला क्रिप्स नव्हे). तो त्या कातड्या-मांसाचा विक्रीयोग्य माल बनवतो. मग गाडी भरायची आणि गिऱ्हाइकाकडे पोचवायची. जवळच्या गिऱ्हाइकाला शंभर नग दिले तर ५०० डॉलर, लांबच्याला दिले तर ६२५. लांबच्या वाटेवर इतर खेळाडू गाडी लुटू शकतात, म्हणून सव्वा पट भाव. धोका पत्करायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

म्हणजे जनावर सोलणे, मढे वाहणे, कातडे कमावून विकणे हे या गेममध्ये भरवशाच्या कमाईचे काम आहे. हे काम करणारा व्यापारी म्हणवला जातो. रक्ताने माखलेल्या हातांनी तो दारूच्या गुत्त्यात जातो तेव्हा त्याचा पेला वेगळा ठेवला जात नाही. तो विहिरीवर गेला म्हणून विहीर बाटत नाही. ज्यांच्या घरात कातड्याला हात लावणेही विटाळ मानले गेले, त्यांची मुलेही हाच धंदा पडद्यावर आवडीने करतात आणि त्यासाठी पैसे मोजतात.

आता हेच काम आपल्या गावात आणून पाहा. मेलेले ढोर ओढायचे कोणी, हे गावाने कधी जाहिरात देऊन ठरवले नाही. ते जन्माने ठरले. ज्याने ओढले त्याला त्याचा भाव ठरवता आला नाही, नको म्हणता आले नाही, आणि हे सोडून दुसरा धंदा करतो म्हणाला तर गावाने बहिष्कार टाकला. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृत जनावरे ओढण्याचे आणि मृतमांस खाण्याचे सोडा असे आवाहन केले. त्यानंतर ज्या गावांतून आपल्या आज्या-पणज्यांनी ते सोडले, तिथे त्यांना मारहाण सोसावी लागली. काम घाणेरडे होते तर सोडल्यावर सवर्णांना आनंद व्हायला हवा होता. राग आला, कारण प्रश्न घाणीचा नव्हताच. फुकटात राबणारा माणूस हातातून निसटत होता.

आणि काम केले तरी सुटका नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातमधल्या उना इथे मेलेल्या गायीचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारले गेले. गेममधल्या व्यापाऱ्यावर हल्ला होतो तो त्याच्या मालासाठी. उन्यातला हल्ला मालासाठी नव्हता. जे काम तुम्हीच आमच्यावर लादले, ते केले म्हणूनही मारणार आणि नाकारले म्हणूनही मारणार, ही जातीची रीत आहे. त्यावर तिथल्या दलितांनी मेलेली जनावरे सरकारी कचेरीसमोर नेऊन टाकली आणि हे काम करणार नाही असे सांगितले. जमिनीची मागणी पुढे आली. महाडची वाट नव्वद वर्षांनीही संपली नव्हती.

बाबासाहेबांनी 'जातिसंहारा'त, १९३६ साली, जातिव्यवस्थेच्या समर्थकांचा एक आवडता युक्तिवाद मोडून काढला. जात म्हणजे श्रमविभागणी, असे ते लोक म्हणत. बाबासाहेबांनी दाखवून दिले की इथे कामे वाटलेली नाहीत, काम करणारी माणसेच कप्प्याकप्प्यांत वाटलेली आहेत आणि कप्पे एकावर एक रचलेले आहेत. माणसाची आवड, कुवत, शिक्षण यांना त्यात जागा नाही. ज्याला हे पुस्तकात वाचून नीट उमगत नाही, त्याने हा गेम घेऊन बसावे. कामांची वाटणी कशी असते ते पडद्यावर दिसेल. मग गावातल्या आपल्या मोहल्ल्याची जागा आठवावी. माणसांची वाटणी कशी असते ते कळेल. लाज कातड्यात नव्हती. जन्माने बांधून घालण्यात होती.

पण आम्ही इथे थांबलो तर गेमचे भाट ठरू. कारण याच गेममधून आपला तरुण एक खोटेही शिकतो : सगळे एकाच रेषेवरून धावतात, जो मेहनत करतो तो पुढे जातो. हे खोटे का, ते त्याच व्यवस्थेत लिहिलेले आहे.

कोणतेही काम सुरू करायला सोन्याच्या लगडी मोजाव्या लागतात. शिकाऱ्याचा परवाना १५ लगडी, व्यापाऱ्याचे खाटकाचे टेबल १५, संग्राहकाची पिशवी १५. दारू गाळायची जागा २५ आणि त्याआधी व्यापारी असण्याची अट. डॉलर कामातून भराभर मिळतात, सोने मात्र कणाकणाने मिळते. शंभर कण जमले की एक लगड. त्यात मोहिमेचा मोबदला लागलेल्या वेळेवरही ठरतो, म्हणून जाणते खेळाडू गुन्हेगाराला पाच मिनिटांत पकडतात आणि मोबदला वाढावा म्हणून नुसते उभे राहतात. ज्याला इतके थांबायचे नाही तो खऱ्या पैशांनी सोने विकत घेतो आणि पहिल्याच दिवशी दार उघडून आत जातो.

दार सगळ्यांना उघडे आहे, फक्त दाराशी पैसे ठेवा, ही भाषा आपल्या ओळखीची आहे. लाखोंची फी भरून कोचिंग क्लास करणाऱ्याला, देणगी मोजून मॅनेजमेंट कोट्यातून मेडिकलला जाणाऱ्याला 'तुझी गुणवत्ता काय' असे कोणी विचारत नाही. ते विचारले जाते फक्त आरक्षणातून आलेल्याला. सोन्याच्या लगडी मोजून वर चढलेला खेळाडूही गुत्त्यात बसून स्वतःला कसलेला शिकारीच समजतो. पैशाने घेतलेली सुरुवात विसरणे आणि दुसऱ्याला मिळालेला आधार मोजत बसणे, यालाच इथे मेरिट म्हणतात.

आणखी एक माणूस या व्यवस्थेत गप्प आहे. तो म्हातारा क्रिप्स. तळावर बसून कातड्याचा माल बनवतो तो, गाडी भरली की पैसे जातात खेळाडूच्या खिशात. क्रिप्सच्या मजुरीचा आकडा कुठे दिसत नाही. तरुण खेळाडू गाडी किती भरली ते पाहतो, ती कोणी भरली ते पाहत नाही. ही नजर फार लवकर अंगवळणी पडते. गटारात उतरणारा माणूसही शहराला असाच दिसत नाही. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ सालचा आहे, आणि तरीही गटारात गुदमरून माणसे मरतच आहेत.

दुसरे खोटे इतिहासाचे. गेममध्ये काळा, गोरा, कोणत्याही रंगाचा माणूस हवा तो धंदा निवडतो. खऱ्या अमेरिकेत तसे नव्हते. अभ्यासकांच्या अंदाजाने दर चार काउबॉयमागे एक काळा होता, पण सिनेमांनी काउबॉय म्हणजे गोराच असे जगाला शिकवले. गुलामगिरीत जन्मलेला बास रीव्ह्ज हा काळा माणूस पश्चिमेत फरारी गुन्हेगार पकडणारा सरकारी अधिकारी झाला, त्याचे नाव आपल्यातल्या किती जणांनी ऐकले आहे? १८६९ साली अमेरिकेची दोन टोके जोडणारी रेल्वे पुरी झाली. तिच्या पश्चिमेकडच्या भागात राबणारे बहुसंख्य मजूर चिनी होते. १८८२ मध्ये त्याच अमेरिकेने चिनी मजुरांना देशात येण्याची बंदी करणारा कायदा केला. कॅलिफोर्नियात १८५० पासून परदेशी खाणकामगारांवर खास कर होता, आणि १८५२ चा कर तर मुख्यतः चिन्यांवर रोखलेला होता. दाराशी सोने मागण्याची रीत गेमने शोधलेली नाही.

गेमचा नायक सुटलेला कैदी आहे, तेही लक्षात घ्या. अमेरिकेत १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे काम घ्यायला वाट ठेवली. त्याच वाटेने दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्या माणसांना क्षुल्लक गुन्ह्यांत पकडून खाणींना आणि मळ्यांना भाड्याने दिले. गेममध्ये तुरुंगाचे दार उघडले की नवे आयुष्य सुरू होते. त्यांच्यासाठी तुरुंगाचे दार म्हणजेच कामाचे दार होते, आणि ते बाहेरून बंद होते. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकलेल्या बाबासाहेबांनी अमेरिकेतला काळ्यांचा प्रश्न जवळून पाहिला होता. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची कागदपत्रे मागवली होती. दोन्हीकडचा प्रश्न त्यांना शेजारी ठेवून पाहायचा होता. आपणही तेच करावे.

बाबासाहेबांनी कामाचा प्रश्न कुठे पकडला हे पाहा. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना नोकरी मिळत होती, पण जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, विटाळ होईल, हे कारण. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला : विणकाम खाते आम्हाला खुले करा, मग कामगार एकजुटीचे बोला. हा दार उघडण्याचा लढा. त्याच वर्षी त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. वतन म्हणजे गावाची आणि सरकारची पडेल ती चाकरी, चोवीस तास, पिढ्यानपिढ्या. हा बाहेर पडण्याचा लढा. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोन वर्षे.

म्हणून आमचे तरुण मित्रांना सांगणे एवढेच. खेळा, पण तीन प्रश्न सोबत घेऊन खेळा. या कामात शिरायला दाराशी काय मागतात आणि ते कोणाकडे असते? राबतो कोण आणि पैसा कोणाच्या खिशात जातो? आणि नको वाटले तर हे काम सोडता येते का? डिलिव्हरीच्या ॲपवर गाडी चालवताना हेच विचारा. कंत्राटी सफाई कामगार असलेल्या आपल्या काकांबद्दल हेच विचारा. सरकारी भरती बंद करून कंत्राटे निघतात आणि कंत्राटाला आरक्षण लागू नाही असे सांगितले जाते, तेव्हा तर मोठ्याने विचारा.

गेममध्ये ज्याला कंटाळा आला तो कातडी सोलायचे सोडतो आणि उद्यापासून संग्राहक होतो, फक्त १५ लगडी मोजून. आपल्या समाजाला तेवढ्यासाठी महाडला जावे लागले, मार खावा लागला, धर्म सोडावा लागला, कायदे करून घ्यावे लागले. ज्या दारातून आज आपण कॉलेजात आणि कचेरीत जातो, ते दार पडद्यावर बटण दाबून उघडलेले नाही. ते पुन्हा बंद होत असताना आपला तरुण पडद्यावरच्या पायऱ्या मोजत बसला, तर दोष गेमचा नसेल, आपला असेल.

जय भीम!